कामाच्या जागेवरील एलईडी प्रकाश आणि दृष्टिश्रम

५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली आणि पुढील काही वर्षांतच आपल्या घरांतील, दुकानांतील व कारखान्यांतील दिवे बदलून गेले. या एका योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले; खुल्या बाजारात विकले गेलेले निराळेच. विजेची बचत झाली, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पूर्वी ६० वॅटचा पिवळा दिवा जेवढा उजेड देत असे तेवढा आज ८-९ वॅटमध्ये मिळतो. परंतु दिवे बदलल्यानंतर काही वैद्यांकडे एक नवी तक्रार येऊ लागली. डोळे जड होणे, कपाळ ठणकणे, सायंकाळी अक्षरे पुसट दिसणे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे, आणि सोबत रुग्णाचे स्वतःचेच निदान : "वैद्यबुवा, हे नवे पांढरे दिवे बसवल्यापासून सुरू झाले."

रुग्णाच्या या निदानात किती तथ्य आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. आमचे मत आरंभीच स्पष्ट सांगतो. एलईडी हा प्रकार स्वभावतः डोळ्यांचा शत्रू नाही. मात्र वाईट बनवलेला, चुकीच्या जागी टांगलेला किंवा चुकीच्या कामासाठी निवडलेला एलईडी दिवा डोळ्यांस निश्चित शिणवतो, आणि औषधनिर्मितीच्या कामात तर तो फसवतोही. यास्तव अशा रुग्णास नेत्रबिंदू लिहून देण्यापूर्वी त्याच्या डोक्यावरील दिव्याची चौकशी करणे हे वैद्याचे काम आहे. आपल्यापैकी जे औषधनिर्मितीशाळा चालवतात त्यांनी ही चौकशी स्वतःच्या पॅकिंग विभागातही करावी.

दिव्याच्या पोटात काय असते

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम अर्धवाहक तयार करण्याचे श्रेय इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांचे. त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या तुकड्यावर पिवळ्या प्रस्फुरक द्रव्याचा लेप दिलेला असतो. काही निळा प्रकाश त्यातून तसाच बाहेर पडतो, उरलेला लेपामुळे पिवळ्यात रूपांतरित होतो, आणि दोहोंच्या मिश्रणास आपला डोळा 'पांढरा' म्हणतो. सूर्यप्रकाशाचा पांढरेपणा सर्व रंगांच्या अखंड मिश्रणाने आलेला असतो. या दिव्याचा पांढरेपणा सुमारे ४५० नॅनोमीटरच्या निळ्या शिखरावर आणि पिवळ्याच्या रुंद टेकडीवर उभा असतो. मधल्या निळसर-हिरव्या भागात दरी असते आणि गडद तांबड्या बाजूस प्रकाश फारच थोडा असतो. या उणिवेचा विचार पुढे औषधांच्या रंगाच्या संदर्भात करू.

न दिसणारी लुकलुक

आमच्या मते दृष्टिश्रमाचे सर्वांत दुर्लक्षित कारण दिव्याची लुकलुक हे आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे; प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणून विजेवर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. जुन्या बल्बची तार दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी थंड होत नसे, त्यामुळे त्याचा उजेड थोडाच हले. चोकवरच्या ट्यूबमध्ये हे कंपन अधिक असे. एलईडीचे वैशिष्ट्य असे की तो विजेच्या चढउतारास तत्क्षण प्रतिसाद देतो आणि त्यावरील लेपही उजेड धरून ठेवत नाही. म्हणून दिव्यातील 'ड्रायव्हर' नावाचे मंडल जर विजेचा प्रवाह नीट सपाट करत नसेल, तर दिवा सेकंदाला १०० वेळा अक्षरशः विझतो व पेटतो.

डोळ्याला हे दिसत नाही, कारण इतक्या वेगाची लुकलुक मेंदू जोडून घेतो. परंतु दिसत नाही म्हणजे बाधत नाही, असे नव्हे. १९८९ साली इंग्लंडमध्ये आर्नल्ड विल्किन्स व सहकाऱ्यांनी एका कार्यालयातील ट्यूबलाइटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या चोकऐवजी उच्च वारंवारतेचे इलेक्ट्रॉनिक चोक बसवल्यावर कर्मचाऱ्यांची डोकेदुखी व डोळ्यांचा शीण निम्म्याहून कमी झाला. हा अभ्यास ट्यूबलाइटचा आहे, एलईडीचा नाही. परंतु कंपन तेच, आणि निकृष्ट एलईडीत ते ट्यूबपेक्षाही खोल असू शकते. शिवाय वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, तो उड्या मारतो. प्रत्येक उडीत लुकलुकणाऱ्या प्रकाशाचे ठिपके दृष्टिपटलावर विखुरतात आणि पुढच्या शब्दावर नजर नेमकी बसवणे अवघड होते.

विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयईईई या संस्थेने, २०१५ साली याविषयी मार्गदर्शक मर्यादा दिल्या. सेकंदाला १०० कंपनांच्या दिव्यात उजेडाचा चढउतार ८ टक्क्यांपर्यंत असल्यास धोका अल्प आणि सुमारे ३ टक्क्यांपर्यंत असल्यास परिणाम नगण्य, असा त्याचा आशय आहे. ज्यांत ड्रायव्हर वेगळा नसून दिव्याच्याच चकतीवर बसवलेला असतो, अशा काही स्वस्त दिव्यांत हा चढउतार या मर्यादेच्या कितीतरी पट असतो. चांगल्या दिव्यातही ड्रायव्हरमधील कपॅसिटर उष्णतेने हळूहळू निकामी होतो आणि दोन-तीन वर्षांनी लुकलुक सुरू होऊ शकते. "पहिली दोन वर्षे काही त्रास नव्हता" असे सांगणारा रुग्ण त्यामुळे खोटे बोलत असतो असे नाही.

याची परीक्षा करण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. खोलीतील इतर उजेड बंद करून, गडद पार्श्वभूमीपुढे, संशयित दिव्याखाली एक पांढरी पेन्सिल किंवा लाटणे झपाझप डावीउजवीकडे हलवावे. सलग धूसर पट्टा दिसला तर प्रकाश स्थिर आहे. एकाऐवजी अनेक पेन्सिली पंख्यासारख्या सुट्या सुट्या दिसल्या, तर दिवा लुकलुकतो आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही पट्टे दिसतात. पण कॅमेरा कधी निर्दोष दिव्यातही पट्टे दाखवतो, म्हणून आमचा भर पेन्सिलीवरच आहे.

औषधनिर्मात्यांसाठी येथे डोळ्यांच्या शिणापलीकडचा एक धोका आहे. आपल्याकडील बहुतेक चूर्णयंत्रांच्या व खलयंत्रांच्या मोटारी मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला २४. अशा मोटारीवर चार आऱ्यांची पुली असेल आणि वर सेकंदाला १०० वेळा विझणारा दिवा असेल, तर दोन उजेडांच्या मध्ये पुली जवळजवळ बरोबर एका आऱ्याएवढी पुढे सरकते. पाहणाऱ्यास ती पुली सेकंदाला एखादाच फेरा घेत, तोही उलट दिशेने, संथपणे फिरते आहे असे वाटते. हात घालणाऱ्याची बोटे मात्र खऱ्या वेगाला सापडतात. फिरत्या यंत्राजवळ लुकलुकता दिवा एक दिवसही ठेवू नये. बदली दिवा येईपर्यंत तेथे जुना तारेचा बल्ब लावलेला बरा.

डोळे दिपणे

एलईडीचा दुसरा दोष त्याच्या लहानपणात आहे. चार फुटी ट्यूबचा उजेड तिच्या सगळ्या लांबीवर पसरलेला असे. एलईडीचा तेवढाच उजेड तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यांतून येतो, म्हणून दुधी आवरण नसलेला दिवा नजरेत आल्यास डोळे दिपतात. दिपण्याचेही दोन प्रकार आहेत. एकात केवळ अस्वस्थता येते. दुसऱ्यात डोळ्याच्या आतील माध्यमांत प्रकाश विखुरतो आणि पाहावयाच्या वस्तूवर धुक्यासारखा पडदा पसरतो. अक्षर तेथे असते पण दिसत नाही. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या माणसास हा दुसरा प्रकार फार बाधतो.

या पडद्याचे गणित उपयुक्त आहे. डोळ्यावर पडणारा उजेड तेवढाच राहिला, तर पडद्याची दाटी दिव्याच्या कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. नजरेच्या रेषेपासून १० अंशांवर असलेला दिवा २० अंशांवर सरकवला की पडदा चौथा हिस्सा उरतो. म्हणजे नवा दिवा न घेता, जुनाच दिवा दोन फूट बाजूला टांगून बराच लाभ होतो. कामगाराच्या समोर दिवा असू नये, तो बाजूने किंवा किंचित मागून यावा; पाठीमागून आला तर स्वतःचीच सावली कामावर पडते, हेही पाहावे.

स्टीलची टेबले हा आपल्या औषधनिर्मितीशाळांचा अभिमानाचा विषय. स्वच्छतेसाठी ती योग्यच आहेत. पण चकचकीत स्टील, काचेच्या बाटल्या, चंदेरी पट्ट्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या या सर्व वस्तू वरच्या दिव्यांचे आरसे होतात. छताकडे न पाहताही कामगार दिवसभर दिव्याकडेच पाहत असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १७ व्या कलमात पुरेशा प्रकाशाबरोबरच दिव्यापासून थेट येणारी, तसेच गुळगुळीत वा चकचकीत पृष्ठभागावरून परावर्तित होणारी चकाकी टाळावी, असे स्पष्ट म्हटले होते. तो अधिनियम नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. डोळ्यांची गरज मात्र कायद्याबरोबर बदललेली नाही. निवड-टिपणीच्या टेबलावर चमक नसलेला, धुता येणारा फिकट पत्रा अंथरला तरी पुष्कळ काम होते.

द्विनाभी चष्मा वापरणाऱ्यांची एक अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चष्म्याच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी ते हनुवटी वर उचलतात आणि छतावरचा दिवा नेमका त्यांच्या नजरेत येतो. अशा कामगाराच्या मानदुखीचे मूळ मन्यास्तंभाच्या चिकित्सेत न शोधता प्रथम टेबलावर शोधावे.

निळ्या प्रकाशाची भीती

या विषयावर बाजारात जेवढा गोंगाट आहे तेवढा अन्य कशावरही नाही. तीव्र निळा प्रकाश दृष्टिपटलास इजा करू शकतो, हे प्रयोगसिद्ध आहे. परंतु प्रश्न मात्रेचा आहे. भर उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, ढगाळ दुपारीही बाहेर काही हजार लक्स असतात, तर चांगल्या प्रकाशित कार्यालयात ५०० लक्स. उघड्या आकाशाखाली शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत एलईडीखालच्या कारकुनापेक्षा कितीतरी अधिक निळा प्रकाश जातो. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ साली असा निष्कर्ष दिला की नेहमीच्या वापरातील एलईडी दिव्यांमुळे निरोगी सर्वसाधारण माणसास प्रत्यक्ष अपाय होतो असा पुरावा नाही. फ्रान्सच्या आरोग्य-सुरक्षा संस्थेने २०१९ साली अधिक सावध भूमिका घेतली, विशेषतः लहान मुलांबाबत, कारण त्यांचे नेत्रभिंग निळा प्रकाश अधिक आत सोडते.

'ब्लू-कट' चष्म्यांविषयी आमच्या वाचकांना रुग्ण हटकून विचारतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा शीण अशा भिंगांनी साध्या भिंगांपेक्षा कमी होतो, असे अल्पकालीन अभ्यासांत आढळले नाही. महिन्याच्या पगारातून हजार-दीड हजार रुपये काढून असा चष्मा घेऊ पाहणाऱ्या पॅकिंग कामगारास हे सांगणे आपले कर्तव्य आहे.

निळ्या प्रकाशाचा खरा प्रश्न दृष्टीपेक्षा निद्रेशी अधिक निगडित आहे. २००२ साली डेव्हिड बर्सन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दृष्टिपटलात रूप पाहण्यासाठी नसलेल्या, पण स्वतः प्रकाशसंवेदी अशा पेशी आहेत. त्या सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशास सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि देहाच्या दिवस-रात्रीच्या घड्याळाला बातमी देतात. रात्रपाळीत प्रखर निळसर पांढऱ्या दिव्याखाली काम केले की ती बातमी 'अजून दिवस आहे' अशी जाते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, पहिल्याच अध्यायात, नेत्ररोगांच्या हेतूंमध्ये स्वप्नविपर्ययाची गणना आहे. हे वाचून 'आलोचक पित्त म्हणजे अमुक पेशी' असे समीकरण मांडण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा, असे आम्हांस वाटते. हेतू ओळखण्यास समीकरणाची गरज नाही.

उजेड किती आणि कोणासाठी

आंतरराष्ट्रीय मानकांत लेखन-वाचनाच्या जागी ५०० लक्स आणि रुग्णपरीक्षण वा रंगपरीक्षणाच्या जागी १००० लक्स अशी अपेक्षा आहे. आपल्या अनेक चिकित्सालयांत टेबलावर २०० लक्सही नसतात. लक्समापक आता स्वस्त मिळतो. संघटनेच्या प्रत्येक शाखेने एक घेऊन सभासदांत फिरता ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

ही मानके सर्व वयांच्या डोळ्यांना सारखी लागू पडत नाहीत. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. बाहुली आक्रसलेली असते व नेत्रभिंग पिवळसर झालेले असते. त्यामुळे तरुण पर्यवेक्षकास 'भरपूर' वाटणाऱ्या उजेडात त्याच टेबलावरील वडीलधाऱ्या मावशींना लेबलावरील बॅच क्रमांक वाचता येत नाही. त्यांना सबंध खोलीचा उजेड वाढवून देण्यापेक्षा हाताशी सरकता टेबलदिवा द्यावा. चाळिशी लागलेल्यांचा जवळचा चष्मा तपासलेला असावा, हे निराळे सांगावयास नको. थंड पांढऱ्या प्रकाशात बाहुली किंचित लहान होते आणि बारीक अक्षर थोडे रेखीव दिसते, हे खरे आहे. परंतु हा लाभ अल्प आहे आणि रात्रपाळीत तो महाग पडतो.

डोळ्यांच्या कोरडेपणाचा आरोपही दिव्यावर येतो. १९९३ साली जपानमधील एका अभ्यासात कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप मोजली गेली : स्वस्थ बसले असता मिनिटाला सरासरी २२, पुस्तक वाचताना १०, संगणकाच्या पडद्यावर वाचताना ७. त्या वेळी पांढरा एलईडी बाजारात नव्हता. कोरडेपणा बव्हंशी एकटक पाहण्याचा, पंख्याचा व वातानुकूलनाचा आहे, आणि तेथे शुष्काक्षिपाकाच्या दिशेने विचार करणे योग्य ठरते.

रंगाची फसवणूक

आता आपल्या व्यवसायाच्या गाभ्याकडे वळतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा एक निर्देशांक असतो, त्यास 'सीआरआय' म्हणतात. १०० म्हणजे संदर्भ-प्रकाशासारखे दिसणे. बाजारातील बहुतेक एलईडी ८० च्या आसपास असतात. परंतु हा आकडा आठ फिकट रंगनमुन्यांच्या सरासरीवरून काढला जातो आणि गडद तांबडा त्या आठांत येत नाही. त्याचा निराळा आकडा 'आर-९' या नावाने दिलेला असतो, आणि ८० सीआरआयच्या दिव्यात तो शून्याजवळ असू शकतो. अशा दिव्याखाली मंजिष्ठा, रक्तचंदन, गैरिक, हिंगुळ या सर्वांचा तांबडेपणा मरतो व ती द्रव्ये तपकिरीकडे झुकलेली दिसतात.

याहून अधिक घातक म्हणजे दोन भिन्न द्रव्ये एका दिव्याखाली एकाच रंगाची दिसणे. रंग लावून 'सुधारलेले' चूर्ण आणि अस्सल चूर्ण एलईडीखाली सारखे दिसेल व उन्हात नेल्याबरोबर वेगळे पडेल, असे घडू शकते. कच्चा माल स्वीकारणारा कामगार कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या डोळ्यांपर्यंत फरक पोहोचतच नसेल तर तो काय करणार? मालाचा ट्रक सायंकाळी आला की तो दिव्याखाली तपासून उतरवून घेण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने फार वाईट आहे. नमुना राखून ठेवावा आणि रंगाचा निर्णय सकाळी, उत्तरेकडील खिडकीच्या उजेडात करावा.

भस्मपरीक्षेत तर मुद्दा आणखी सूक्ष्म आहे. लोहभस्माचा पक्व जांभळासारखा वर्ण, अभ्रकभस्माचा विटकरी वर्ण ही लक्षणे सूर्यप्रकाशात पाहून ठरवलेली आहेत. निश्चंद्रत्वाची परीक्षाही उन्हातच करावयाची असते, आणि त्यास भौतिक कारण आहे. न मेलेल्या अभ्रकाचा वा धातूचा कण हा इवलासा आरसा असतो. सूर्यासारखा लहान व प्रखर प्रकाशस्रोत असेल तरच तो आरसा लकाकतो. दुधी आवरणाच्या मोठ्या एलईडी पॅनेलखाली प्रकाश चहूबाजूंनी सारखा येतो. कण चमकतो तसा त्याच्या शेजारचा भागही उजळ असतो, आणि चंद्रिका दिसेनाशी होते. म्हणजे जो पसरलेला प्रकाश कामगाराच्या डोळ्यांस सर्वांत सुखकर, तोच या परीक्षेस सर्वांत अयोग्य. दुधी पॅनेलखाली 'निश्चंद्र' ठरवलेली कज्जली वा अभ्रकभस्म आम्ही तरी परीक्षित मानणार नाही. पावसाळ्यात ऊन नसेल तर अंधाऱ्या खोलीत, आवरण नसलेल्या एकाच लहान प्रखर दिव्याखाली, नमुना हळूहळू तिरपा करत पाहावा आणि ऊन पडल्यावर ती परीक्षा पुन्हा करावी.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची 'टी' मध्ये इमारतीत पुरेसा उजेड व वायुवीजन असावे, असे म्हटले आहे. 'पुरेसा' या एका शब्दात वरील सर्व भेद मावत नाहीत. निर्मात्याने ते स्वतःच्या कार्यपद्धतीत लिहून काढावेत : निवड कोणत्या प्रकाशात, रंगपरीक्षा कोणत्या, निश्चंद्रत्व कोणत्या.

चिकित्सालयातही हाच प्रश्न आहे. नेत्रांचा पीतवर्ण, जिव्हेची व नखांची पांडुता, घशाची लाली, त्वचेवरील मंडलांची कडा : दर्शनपरीक्षेचा केवढा भाग रंगावर अवलंबून आहे! सौम्य कामला दिव्याच्या उजेडात निसटते, म्हणून डोळ्यांचा पिवळेपणा दिवसाच्या नैसर्गिक प्रकाशात पाहावा ही शिकवण जुनीच आहे. सायंकाळचे चिकित्सालय चालवणाऱ्या वैद्यांनी निदान तपासणीच्या मंचावर तरी ९० वा अधिक सीआरआयचा दिवा लावावा. संशय असल्यास रुग्णास दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवावे, अथवा रक्तपरीक्षा करून घ्यावी.

रुग्णास काय विचारावे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, तिस्रैषणीय अध्यायात, चक्षुरिंद्रियाच्या अतियोग, अयोग व मिथ्यायोगाचे वर्णन आहे. अतिप्रभावान दृश्यांचे अतिमात्र दर्शन हा अतियोग, मुळीच न पाहणे हा अयोग, अति जवळचे वा अति दूरचे पाहणे इत्यादी मिथ्यायोग. सुश्रुतांनी सूक्ष्मनिरीक्षण हा हेतू स्वतंत्रपणे सांगितला आहे. आमच्या मते दिपवणारा दिवा अतियोगात आणि अपुऱ्या उजेडात डोळ्यांजवळ धरून केलेले बारीक काम मिथ्यायोगात मोडेल. लुकलुकीस ग्रंथात नाव असणे शक्य नाही. तिला मिथ्यायोगात धरण्यास हरकत नसावी.

प्रश्नपरीक्षेत पुढील गोष्टी काढून घ्याव्यात. त्रास सुटीच्या दिवशी असतो का? नसेल तर हेतू कामाच्या जागी आहे. त्याच टेबलावरील इतरांनाही तोच त्रास आहे का? दिवा समोर आहे, वर आहे की बाजूस? दिवे केव्हा बदलले? पाळी कोणती? रात्री किती वाजता झोप लागते? चष्म्याचा क्रमांक केव्हा तपासला? अर्धशिशीचा पूर्वेतिहास आहे का? अर्धशिशी असणाऱ्यास लुकलुक इतरांहून अधिक बाधते.

हेतू सापडल्यावर निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा. त्रिफला, तर्पण, सेक, पादाभ्यंग यांचे स्थान त्यानंतरचे आहे. दिवा तसाच ठेवून महिनोन्महिने तर्पण करत राहणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून घर पुसत बसण्यासारखे होय. आणि एक सावधगिरी : दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे व सोबत तीव्र नेत्रवेदना, अचानक दृष्टी जाणे, डोळ्यापुढे विजेसारखे चमकणे वा पडदा सरकणे यांपैकी काहीही असेल, तर तो दृष्टिश्रम समजू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

खरेदी करताना

औषधनिर्मितीशाळेसाठी दिवे घेताना केवळ वॅट व किंमत पाहून मागणी देऊ नये. एलईडी दिव्यांसाठी भारतीय मानक १६१०२ आहे. त्याचा पहिला भाग सुरक्षेचा व दुसरा कार्यक्षमतेचा. दुकानदारास सीआरआय, आर-९ आणि लुकलुकीची टक्केवारी लेखी विचारावी. जो देऊ शकत नाही त्याच्याकडून घाऊक खरेदी करू नये. प्रथम दोन दिवे आणून एकाच टेबलावर आठवडाभर लावावेत, पेन्सिलीची परीक्षा करावी आणि तेथे बसणाऱ्या कामगारांना विचारावे. त्यांच्या डोळ्यांइतका विश्वासू मापक दुसरा नाही. सर्वसाधारण कामास दुधी आवरणाचा, सुमारे ४००० केल्विनचा प्रकाश पुरतो. ६५०० केल्विनचा निळसर शुभ्र दिवा आपल्याकडे 'जास्त उजेडाचा' समजून घेतला जातो, पण तो रंगाचा भेद आहे, उजेडाचा नव्हे.

जुना बल्ब जळून जात असे, म्हणून तो बदलला जाई. एलईडी बहुधा जळत नाही, वर्षानुवर्षे मंद होत जातो, त्यावर चूर्णाची धूळ साचते आणि कोणाच्याच ते लक्षात येत नाही. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला की त्या दिव्याचे आयुष्य संपले असे धरण्याची रीत आहे. म्हणून प्रत्येक दिव्याच्या बैठकीवर बसवल्याची तारीख लिहावी, महिन्यातून एकदा त्याचे आवरण पुसावे आणि दर तिमाहीस प्रत्येक टेबलावरील लक्स मोजून नोंदवहीत लिहावेत. मोजणी सूर्यास्तानंतर करावी, म्हणजे खिडकीचा उजेड त्यात मिसळत नाही.